दहावीनंतर आयटीआय : अर्ज भरताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की नेट कॅफेत गर्दी होते. कॅफेवाला विचारतो, "कुठला ट्रेड टाकू?" आणि बापलेक एकमेकांकडे बघत म्हणतात, "इलेक्ट्रिशियन टाका, नाहीतर फिटर." दोन वर्षांचे शिक्षण आणि पुढची नोकरी तिथल्या तिथे ठरून जाते. माझ्या मते आयटीआयचे प्रवेश कमी गुणांमुळे फसतात त्याहून जास्त या घाईमुळे फसतात.

पसंतीक्रम दुसऱ्याच्या हाती देणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. महाराष्ट्रात आयटीआयचा प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून, फेरीनिहाय होतो. यादी गुणवत्तेप्रमाणे लागते आणि तुम्ही दिलेल्या क्रमाने वरून खाली जागा तपासली जाते. त्यामुळे वर अवघड पर्याय टाकला तर खालचा हातून जाईल ही भीती खोटी आहे. खरेच जे हवे, ते वर लिहा.

मात्र पहिल्या क्रमांकाचा पर्याय विचार करूनच लिहा. पहिल्या फेरीत तोच मिळाला तर प्रवेश घेणे बंधनकारक असते. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. कॅफेवाल्याने सहज वर टाकलेला, रोज दोन एसट्या बदलून गाठावा लागणारा आयटीआय अशा वेळी गळ्यात पडतो. घरून निघायची वेळ, बसभाडे, वसतिगृह हे आधी कागदावर मांडा, मगच संगणकासमोर बसा.

पहिल्या फेरीत पहिल्याऐवजी खालचा एखादा पर्याय मिळाला आणि तो मनासारखा नसेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहता येते. तोवर क्रम पुन्हा नीट लावा. नियमित फेऱ्या संपल्यावर समुपदेशन फेरी असते, तिचे वेळापत्रक पोर्टलवर पाहत राहा.

ट्रेड न पाहता ट्रेड निवडणे

जवळच्या आयटीआयत जा आणि वर्कशॉप दाखवायची विनंती करा. फिटरचे पहिले कित्येक आठवडे कानस, हॅकसॉ आणि मोजमापात जातात. लोखंडाचा तुकडा गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, बसेपर्यंत घासायचा असतो. टर्नर दिवसभर लेथपुढे उभा असतो, वेल्डरला उष्णता आणि धूर सोसावा लागतो. हे डोळ्यांनी पाहिलेला मुलगा सहसा मध्येच सोडून जात नाही.

आपल्या भागात कुठले काम आहे तेही बघा. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्र्या आणि मशिन शॉप आहेत, तिथे मशिनिस्ट आणि टर्नर लागतात. चाकण, वाळूजला वाहन उद्योग आहे. आणि नोकरीचे स्वप्न ठरलेले असेल तर त्या भरतीच्या जाहिरातीतली ट्रेडची यादी आजच वाचा. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, डिझेल मेकॅनिक चालतात. वेल्डर किंवा कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) त्या यादीत नसतो. हे दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

एक वर्षाचा की दोन वर्षांचा, हाही प्रश्न विचारा. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वेल्डर, कोपा हे एक वर्षाचे आहेत, त्यांना ही वाट मिळत नाही. घरची गरज लवकर कमावण्याची असेल तर एक वर्षाचा ट्रेडही चांगलाच, पण ठरवून घ्या.

मुलींच्या बाबतीत घरचे परस्पर शिवणकाम ठरवून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे सगळे ट्रेड मुलींना खुले आहेत आणि त्यांच्यासाठी जागाही राखीव असतात. तिला विचारा तरी.

दहावीत नापास झालेल्यांनीही दार बंद झाले असे समजू नये. वायरमन, वेल्डर, सुतारकाम अशा ट्रेडना दहावी पास असण्याची अट नाही.

कागद आणि मोबाइल

अर्जात कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर देऊ नका. ओटीपी आणि जागा मिळाल्याचा संदेश त्याच्याकडे जातो आणि मुदत टळते. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम संपले असेही नाही. मूळ कागदपत्रे दाखवून तो निश्चित करून घ्यावा लागतो, तसे न केल्यास गुणवत्ता यादीत नाव येत नाही. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांची तयारी निकालाआधीच करा, कारण निकालानंतर सेतू केंद्रात गर्दी उसळते.

खासगी आयटीआय घेत असाल तर तुमच्या ट्रेडच्या त्या तुकडीला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का, ते विचारा. "संस्थेला मान्यता आहे" एवढ्या उत्तरावर पैसे भरू नका.

प्रवेशानंतर

अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. शेतीच्या कामाला, लग्नसराईला दांड्या मारणाऱ्यांचे वर्ष इथे अडकते. आजारपण असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच आठवड्यात निदेशकांकडे, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांकडे, द्या.

दहावीची गुणपत्रिका, आधार आणि आयटीआयची नोंद या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर सारखे आहे का, ते पहिल्याच महिन्यात तपासा. चूक दिसली तर संस्थेकडे लेखी अर्ज करून पोच घ्या. प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्तीला महिने जातात आणि तेवढ्यात भरतीची तारीख निघून जाते.

शेवटच्या वर्षातच अप्रेंटिसशिपची, म्हणजे कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीची, तयारी सुरू करा आणि बँक खाते आधारशी जोडून ठेवा. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, म्हणजे महिना कमाल १,५०० रुपयांचा सरकारी वाटा थेट खात्यावर येतो. खाते जोडलेले नसेल तर तो अडकून राहतो.