व्हिडिओ एक्सपोर्ट चालू असतानाही पीसी वापरता यावा म्हणून

मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की विंडोजमध्ये बाकी सगळं अडखळतं: ब्राउझरचा टॅब उघडत नाही, टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटतात. अशा वेळी एक्सपोर्ट थांबवायची गरज नाही.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा.
२. ‘डिटेल्स’मध्ये एक्सपोर्ट करणारा प्रोग्राम शोधा. सापडत नसेल तर ‘सीपीयू’ कॉलमवर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा वर येईल.
३. त्यावर राइट क्लिक करून ‘सेट प्रायॉरिटी’मध्ये ‘बिलो नॉर्मल’ निवडा, म्हणजे प्रोसेसर आधी बाकी कामांना मिळेल आणि उरलेला एक्सपोर्टला.

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. मला हाच उपाय जास्त पटतो, कारण तुम्ही चहाला उठलात की एक्सपोर्टला पुन्हा पूर्ण प्रोसेसर मिळतो.

तरीही अडखळलं, तर त्याच मेनूतलं ‘सेट अ‍ॅफिनिटी’ (प्रोग्रामने प्रोसेसरचे कोणते भाग वापरायचे ते इथे ठरतं) उघडा आणि ‘सीपीयू ०’ व ‘सीपीयू १’ पुढच्या खुणा काढा. दोन्ही काढायच्या, कारण हायपरथ्रेडिंग (प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे काम करणारा एक भाग, विंडोजला दोन सीपीयू म्हणून दिसतो ती सोय) असलेल्या प्रोसेसरवर ही जोडी साधारणपणे एकाच कोअरची असते. आता तो कोअर तुमच्या बाकी कामांना मोकळा राहील. मात्र पीसी रिकामा असला तरी एक्सपोर्ट त्या कोअरला हात लावणार नाही, म्हणजे वेळ थोडा वाढेल.

प्रोग्राम बंद केला की दोन्ही सेटिंग जातात, पुढच्या वेळी परत करावी लागतात.

‘रिअलटाइम’ प्रायॉरिटी मात्र कशालाही देऊ नका. माउस आणि कीबोर्डसुद्धा अडकू शकतात.