तातीच्या तारांवरचा हायडन ऐकताना या चुका टाळा

अठराव्या शतकातला ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन याचे ओपस २० चे (ओपस म्हणजे रचनासंचाचा क्रमांक) सहा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो अशा चौकडीसाठीच्या रचना, मी जुन्या धाटणीच्या वाद्यांवर पहिल्यांदा ऐकले आणि दहा मिनिटांत बंद केले. आवाज बारीक, मधूनच खरखरीत, सूर टिकत नव्हते आणि पट्टी उतरलेली वाटत होती. रेकॉर्डिंग बिघडलेलं आहे अशी माझी खात्रीच झाली. ते रेकॉर्डिंग होतं क्वातुओर मोझाइक या १९८७ साली स्थापन झालेल्या चौकडीचं. पुढे त्याच रेकॉर्डिंगनं मला हायडन कळू लागला, म्हणून मधल्या काळात केलेल्या चुका इथे लिहून ठेवतो.

पट्टी उतरली म्हणून वेग वाढवणं

हार्मोनियम किंवा ट्यूनर ॲप घेऊन बसलात, तर ही शंका पहिल्या मिनिटालाच येते. आज बहुतेक ठिकाणी पेटीची पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं असं धरतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं संगीत जुन्या वाद्यांवर वाजवणारे बहुतेक कलाकार मात्र तो सूर ४३० च्या आसपास लावतात. हा फरक अर्ध्या सुराहूनही कमी असल्यामुळे पेटीची कुठलीच पट्टी जुळत नाही. पांढरी सहा वरची वाटते, काळी चार खालची. (त्याआधीच्या, बाख या संगीतकाराच्या काळातल्या संगीतासाठी ४१५ धरतात. ते जवळजवळ नेमकं काळी चारवर येतं, त्यामुळे तिथे हा घोळ होत नाही.)

ॲपमध्ये वेग किंवा पिच वाढवून हे ‘दुरुस्त’ करू नका. सोबत वाजवायचं असेल तर आपलं वाद्य उतरवा. बहुतेक ट्यूनर ॲपमध्ये आधारस्वर ४३० ठेवता येतो. व्हायोलिनच्या तारा थोड्या सैल झाल्या की तिचा आवाजही मोकळा होतो, हा आणखी एक फायदा.

शुद्ध गंधाराला कणसूर म्हणणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. चौघं मिळून लांब सूर धरतात तेव्हा मधला गंधार मला सतत जरासा खाली लागल्यासारखा वाटायचा. एकदा तंबोरा लावून बसलो होतो. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार कानावर पडला आणि लख्ख जाणवलं की हे चौघं नेमका तोच गंधार लावतायत. पेटीचा गंधार त्याहून साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा. माझा कान पेटीवर घडलेला होता. चौकडीत पडदे असलेलं वाद्य एकही नाही, त्यामुळे कलाकारांना शुद्ध गंधार लावायची मोकळीक असते.

आधुनिक वादनात हा फरक पटकन कळत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक सुरावर व्हायब्रॅटो, म्हणजे बोटानं दिलेला कंप असतो. सूर हलता असला की त्याची नेमकी जागा झाकली जाते. जुन्या पद्धतीत कंप मोजक्याच ठिकाणी देतात. मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनी १७५६ साली व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की काही वादक कायमचा ताप भरल्यासारखे प्रत्येक सुरावर थरथरतात. आपल्याला हे पटायला हरकत नसावी. दरबारीचा गंधार आंदोलित असतो, म्हणून आपण त्यातला षड्जही हलवत बसत नाही.

उलट टोकाची चूकही करू नका. कंप ऐकू आला म्हणजे वादन ‘अस्सल’ नाही, असं मुळीच नाही. लिओपोल्ड यांनीही कंप वर्ज्य केला नव्हता, जागा पाहून द्या एवढंच सांगितलं होतं.

खरखर आणि निमुळता सूर म्हणजे दोष समजणं

या वाद्यांच्या तारा आतड्याच्या असतात, आपल्या सारंगीच्या तातीसारख्या. फक्त खालच्या तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. गज लागताच तात आधी थोडी खरखरते, मग बोलते. गजही वेगळा असतो. आजच्या गजाचा घाट फ्रेंच गजकारागीर फ्रान्स्वा तूर्त यांनी १७८० च्या दशकात पक्का केला आणि ओपस २० तर १७७२ चं आहे. त्याआधीच्या हलक्या गजाचा सूर ठसठशीत सुरू होतो आणि निमुळता होत जातो. सूर तुटतोय असं वाटलं की वाक्य कुठे संपतं तिकडे लक्ष द्या. दोन सुरांमधली ती बारीक फट बोलण्यातल्या श्वासासारखी आहे.

फोनवर, पंख्याखाली, शफल लावून ऐकणं

चेलोची सर्वांत खालची तार सेकंदाला ६५ च्या आसपास कंपनं देते. फोनच्या स्पीकरला ती झेपत नाही. साधे पण बरे हेडफोन लावा, पंखा बंद करा आणि ॲपमधले शफल, क्रॉसफेड व आवाज सारखा करणारं सेटिंग, तिन्ही काढून टाका. क्रॉसफेडनं एका भागाचा शेवट पुढच्या भागात मिसळतो. दुसऱ्या क्वार्टेटमध्ये मंद भाग थेट मिन्युएटमध्ये, म्हणजे पुढच्या नृत्याच्या चालीच्या भागात, शिरतो, तिथे ॲपनं मध्ये दोन सेकंदांची शांतता घातली तरी सगळी गंमत जाते.

आवाज वाढवून ठेवायचा मोह आवरा. २, ५ आणि ६ क्रमांकांच्या क्वार्टेटचे शेवटचे भाग फ्यूग (एका वाद्याची धून बाकीची वाद्यं एकामागून एक उचलतात अशी रचना) आहेत आणि त्यांवर हायडननं सतत दबक्या आवाजात वाजवा अशी सूचना लिहिली आहे. ती कुजबुज कुजबुजच राहिली तर शेवटी चौघं मोठ्यानं उसळतात तेव्हा अंगावर काटा येतो.

एकाच चौकडीवरून मत बनवणं

मोझाइकचा आवाज ऊबदार आहे. लंडन हायडन क्वार्टेट जुन्या छापील प्रतींवरून वाजवतं आणि त्यांची चाल निवांत आहे. कियारोस्कुरो क्वार्टेट ऐकताना कधीकधी दचकायला होतं, इतकी त्यांची कुजबुज बारीक आणि घाव धारदार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी मोझाइकच सुचवेन. शोधताना ‘हायडन ओपस २०’ असं लिहा. नुसता क्वार्टेटचा क्रमांक टाकलात तर भलतंच काही लागतं, कारण क्रमांक मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत.

सुरुवात क्रमांक २ पासून करा, सी मेजर. चेलोला तेव्हा जमिनीवर टेकवायची दांडी नव्हती, वादक तो पोटऱ्यांमध्ये धरायचा. या क्वार्टेटच्या आरंभी पहिलं व्हायोलिन गप्प असतं, खर्ज व्हायोला सांभाळतं आणि मुख्य धून त्या चेलोकडे असते, तीही वरच्या सुरांत, तातीच्या तारेवर.