नागपूरहून गाडीने निघताय? इंधनाचा खर्च आधी असा काढा

चिखलदऱ्याला जाऊन-येऊन ४७० किलोमीटर, गाडी २० चं अॅव्हरेज देते, म्हणजे साडेतेवीस लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर जेमतेम अडीच हजार. सुट्टीचा बेत ठरताना बहुतेक घरांत गणित इथेच संपतं. प्रत्यक्षात त्याच सहलीला चार हजारांचं पेट्रोल सहज लागतं. हा दीड हजारांचा फरक कुठून येतो ते एकदा समजलं की कुठल्याही प्रवासाचा अंदाज दहा मिनिटांत काढता येतो. चूक गुणाकारात नसते. सगळ्या रस्त्याला एकच अॅव्हरेज लावलं जातं, आणि तेही कंपनीनं छापलेलं, तिथे ती होते.

पायरी १ : आपल्या गाडीचं खरं अॅव्हरेज मोजा

जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीतून येतो, आणि ती चाचणी प्रयोगशाळेत, ठरावीक वेगात, ठरावीक परिस्थितीत होते. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी आहे. खर्च काढायला नाही.

खरा आकडा मिळवायची पद्धत जुनीच आहे, टाकी फुल ते टाकी फुल. एका पंपावर नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा. कट झाल्यावर ‘अजून शंभरचं टाका’ म्हणू नका, कारण त्यानंतर किती गेलं याचं माप दुसऱ्या वेळी सारखं येत नाही. ट्रिप मीटर शून्य करा. अडीचशे-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. समजा २८६ किलोमीटर झाले आणि १९.४ लिटर बसलं, तर अॅव्हरेज १४.७. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा बऱ्याच गाड्यांत यापेक्षा थोडा जास्त असतो. तो याच्याशी एकदा पडताळून पाहा.

शहराचा आणि हायवेचा आकडा वेगळा काढा. वर्धा रोड आणि सीताबर्डीच्या सिग्नलांवर गाडी जे देते त्याचा हायवेशी संबंध नाही. हायवेसाठी सोपी युक्ती म्हणजे एखाद्या रविवारी शहराबाहेरच्या पंपावर टाकी फुल करून सेवाग्रामला जाऊन यायचं आणि परतताना तिथेच भरायचं. दीडशे किलोमीटरच्या आसपास होतात, आकडा भरवशाचा मिळतो, बापू कुटीही पाहून होते.

पाच वर्षांपूर्वी मोजून ठेवलेला आकडा मात्र आता वापरू नका. पंपावर आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या गाड्यांना हा फरक जास्त जाणवतो.

पायरी २ : रस्त्याचे तुकडे पाडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नकाशावर दिसतं ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं अंतर. आपण मात्र मुक्कामावर फिरतो, हॉटेलातून जेवायला जातो, रस्ता चुकतो, परत येतो. म्हणून कागदावर चार तुकडे लिहा : शहरातून बाहेर पडणं, हायवे, घाट किंवा खराब रस्ता, आणि तिथलं फिरणं.

शेवटचा तुकडा लोक हमखास विसरतात. ताडोब्याला मोहर्लीत राहिलात तर जंगलात जिप्सी जाते, आपली गाडी रिसॉर्टवर उभी राहते. तिथे हा तुकडा जवळपास शून्य. चिखलदऱ्यात उलटं. गाविलगड, भीमकुंड, पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट आणि एक दिवस सेमाडोह-कोलकास धरलं तर शंभरावर किलोमीटर आरामात होतात, तेही चढउताराच्या वळणांवर. पचमढीत काही ठिकाणी तिथलीच जिप्सी करावी लागते, म्हणजे पेट्रोल वाचतं आणि भाडं वाढतं.

घाटाचा हिशेब जाताना आणि येताना वेगळा ठेवा. परतवाडा सोडल्यावर चिखलदऱ्यापर्यंत साधारण तीस किलोमीटरमध्ये गाडी चढत समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर पोचते. भरलेली गाडी, चालू एसी, दुसरा-तिसरा गिअर : हायवेच्या निम्मं अॅव्हरेज धरा. उतरताना ते बरंच परत मिळतं, कारण गाडी गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की आजकालची इंजिनं इंधन जवळजवळ बंद करतात. न्यूट्रलमध्ये टाकून उतरणाऱ्यांचं इंजिन उलट आयडलिंगला पेट्रोल खातच राहतं, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका वेगळा. पैसे वाचवायला तरी घाटात न्यूट्रल करू नका, जीव वाचवायला तर नकोच.

पायरी ३ : वेग, वजन, हवा

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. ती पूर्ण वापरणार असाल तर खर्चातही धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. ८०-९० च्या वेगानं १८ देणारी गाडी तिथे १४-१५ वर आली तर गाडीत बिघाड नाही. त्या महामार्गावर पंप मोजकेच आहेत आणि बाहेर पडायला इंटरचेंजच गाठावा लागतो, म्हणून शिवमडक्याला चढण्याआधी टाकी भरून घ्यावी. टोलही पेट्रोलच्या शेजारीच लिहा. कारला किलोमीटरमागे साधारण दोन रुपये पडतात, म्हणजे पेट्रोलच्या खर्चाच्या एक तृतीयांशाच्या जवळपास.

पाच माणसं, भरलेली डिकी, टपावर कॅरिअर असेल तर हायवेच्या आकड्यातून एक-दीड वजा करा. मे महिन्यात एसी दिवसभर चालणार, त्याचा आणखी एक. टायरमधली हवा निघायच्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा असतो. हवा कमी असलेले टायर पेट्रोल जास्त खातात आणि विदर्भातल्या उन्हात फुटतातही लवकर.

पायरी ४ : दर कुठला धरायचा

त्या दिवशीचा, त्या ठिकाणचा. २०१७ च्या जूनपासून तेल कंपन्या सकाळी ६ वाजता त्या दिवसाचे दर लागू करतात. कंपन्यांच्या अॅपवर ते पंपानुसार दिसतात. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं. नागपूरकरांना हे विशेष लागू, कारण जबलपूरच्या रस्त्यानं पेंच ओलांडलं की मध्य प्रदेश, भंडारा-गोंदियाच्या पुढे छत्तीसगड, चंद्रपूरच्या पुढे तेलंगणा. निघण्याआधी सीमेच्या दोन्ही बाजूंचे दर पाहा आणि स्वस्त बाजूला टाकी भरा. लिटरमागे तीन रुपयांचा फरक असला तरी ४० लिटरला १२० रुपयेच वाचतात, त्यासाठी वीस किलोमीटरचा फेरा घालू नका.

पायरी ५ : मांडा

आता तीच चिखलदऱ्याची सहल, हायवेला १८ देणारी पेट्रोल कार, दोन मुक्काम. दर १०५ फक्त गणितासाठी. तुम्ही त्या दिवशीचा घाला.

घरापासून वाडीपर्यंत आणि परत : ३० किमी ÷ १२ = २.५ लिटर
वाडी ते परतवाडा, अमरावतीमार्गे, दोन्ही वेळा : ३८० ÷ १८ = २१.१
घाट चढताना : ३० ÷ ९ = ३.३
घाट उतरताना : ३० ÷ २२ = १.४
तिथलं फिरणं : १२० ÷ १२ = १०

एकूण ५९० किलोमीटर, ३८.३ लिटर, सुमारे ४,०२० रुपये. त्यावर दहा टक्के राखीव ठेवा, कारण कुठे वळणरस्ता निघतो, कुठे जॅममध्ये अर्धा तास जातो. म्हणजे ४,४२० बाजूला काढायचे. अमरावतीच्या रस्त्यावरचा टोल याशिवाय. फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर तो राष्ट्रीय महामार्गावर चालतो, समृद्धीवर नाही.

या उदाहरणात किलोमीटरमागे ६ रुपये ८० पैसे पडले. हा आकडा डायरीत लिहून ठेवा. वाटेत बेत बदलला, कुणी म्हणालं की मुक्तागिरीला जाऊन येऊ, तर ज्यादा किलोमीटर गुणिले तो आकडा, लगेच उत्तर.

डिझेल गाडीला हीच रीत, आकडे तेवढे बदलतात. सीएनजी किलोवर मिळतो, म्हणून अॅव्हरेज किलोमागे मोजा, आणि वाटेतले पंप आधी शोधा. घाट आणि मुक्काम पेट्रोलवरच होणार असं धरलेलं बरं. टाकीत पेट्रोलही पुरेसं ठेवा.

मित्रांबरोबर जात असाल तर पैसे निघण्याआधी गोळा करा, पण वाटणी पावत्यांवरून करा. पहिल्या दिवशी टाकी फुल करून निघा, परतल्यावर त्याच पंपावर फुल करा. मधल्या सगळ्या भरण्या आणि ही शेवटची, एवढीच बेरीज सगळ्यांच्या वाट्याची. गाडी ज्याची आहे त्याचे टायर, ऑइल, सर्व्हिसिंग झिजतं, म्हणून त्याला पेट्रोलच्या वाटणीतून वगळावं असं माझं ठाम मत आहे. चौघे असतील तर तिघांत भागा.