नील यंग यांच्या एकल मैफलीला जाण्यापूर्वी काय आणि कसे ऐकावे

कॅनडात जन्मलेले रॉक गायक-गीतकार नील यंग यांचा बँडसोबतचा कार्यक्रम काहीही तयारी न करता ऐकला तरी चालतो, कारण क्रेझी हॉर्स या त्यांच्या साथीदार बँडच्या गिटारींचा दणका श्रोत्याला आपसूक ओढून नेतो. एकल मैफलीचे तसे नसते. मंचावर एकच माणूस, काही गिटारी, गळ्याभोवतीच्या पट्टीत बसवलेली हार्मोनिका, पियानो आणि पायाने भाता चालवून वाजवायचा ऑर्गन एवढाच सरंजाम असतो, आणि मूळ गाणे कानावरून गेलेले नसेल तर त्यातून काय काढून टाकले आहे हे लक्षातच येत नाही. म्हणून तिकीट हाती आल्यावर सगळे अल्बम पहिल्यापासून ऐकायला घेऊ नयेत. 1966 च्या बफेलो स्प्रिंगफील्ड या बँडपासून पाहिली तरी ही कारकीर्द इतकी लांब आणि वळणावळणाची आहे की तसा प्रयत्न निम्म्यावरच थांबतो. त्यापेक्षा निवडक गाणी घ्यावीत आणि प्रत्येक गाणे दोन रूपांत ऐकावे, एकदा बँडसह आणि एकदा एकट्याने गायलेले.

सुरुवात 1979 च्या ‘रस्ट नेव्हर स्लीप्स’ या अल्बमपासून करावी. त्याच्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायची, गाणी आहेत, दुसऱ्या बाजूवर क्रेझी हॉर्ससोबतची इलेक्ट्रिक, आणि आरंभीचे व शेवटचे गाणे एकाच रचनेची दोन रूपे आहेत. ही दोन गाणी लागोपाठ लावावीत. पहिल्यात जाड तारांवर वाजणारी छोटी, खाली उतरणारी सुरावट नीट पकडावी. दोन ओळींमधली जागा तीच भरून काढते आणि हार्मोनिका येते तेव्हा गाण्याला जणू दुसरा गळा मिळतो. दुसऱ्यात तीच सुरावट ॲम्प्लिफायरमधून इतकी फाटून येते की स्वरांच्या कडा राहत नाहीत, शब्दही थोडे बदलतात आणि पहिल्या रूपातली खिन्नता संतापाकडे झुकते. चाल तीच असताना भाव असा का पालटतो याचे उत्तर ज्याला स्वतःच्या कानांनी मिळाले, त्याची निम्मी तयारी झाली असे मी मानतो.

त्यानंतर टोरंटोच्या मॅसी हॉलमधील 19 जानेवारी 1971 च्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. ते प्रसिद्ध व्हायला 2007 साल उजाडावे लागले. यंग तेव्हा 25 वर्षांचे होते, आपल्या जन्मगावी गात होते आणि श्रोत्यांनी कधीही न ऐकलेली गाणी एकामागून एक सादर करत होते. त्यातील ‘हार्ट ऑफ गोल्ड’ अवश्य ऐकावे, कारण ते येथे पियानोवर, दुसऱ्या एका गाण्याला जोडून, जवळजवळ त्याचाच एक भाग म्हणून येते. काही आठवड्यांतच नॅशव्हिलच्या स्टुडिओत ते गिटार, हार्मोनिका, ड्रम्स आणि पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, पायपट्ट्यांची गिटार) यांसह मुद्रित झाले, शेवटी लिंडा रॉन्स्टॅट आणि जेम्स टेलर यांचे आवाज मिसळले, आणि 1972 मध्ये ‘हार्वेस्ट’ अल्बममधून बाहेर पडल्यावर अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या काळात पाठीच्या दुखण्यामुळे जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालून उभे राहणे त्यांना अवघड जात होते; ‘हार्वेस्ट’चा सौम्य बाज बऱ्याच अंशी त्यातून आला. पियानोवरचे रूप आधी आणि स्टुडिओतले नंतर, असा क्रम ठेवावा. गाणे वाद्यावाचून अडत नाही, पण वाद्य बदलले की त्याचा अर्थ सरकतो, हे येथे स्पष्ट ऐकू येते.

ज्यांना गिटार वाजवता येते त्यांनी आणखी एक गोष्ट करून पाहावी. यंग यांच्या अनेक गाण्यांत सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक अशा दोन्ही टोकांच्या तारा एक-एक स्वर उतरवून ‘डी’ला मिळवलेल्या असतात. स्वतःची गिटार तशी लावून नुसता ‘डी’ कॉर्ड छेडला तरी मोकळ्या तारांचा घुमारा मागे राहतो, आणि एकटी गिटार सभागृहात एवढी भरघोस कशी वाटते याचे एक कारण हाताला कळते.

कारकिर्दीचा इतिहास फार खोलात जाऊन वाचण्याची गरज नाही, पण एवढे माहीत असावे की यश मिळाले त्याच वाटेने पुढे जाण्याचे त्यांनी वारंवार नाकारले. ‘हार्वेस्ट’नंतर, क्रेझी हॉर्सचे गिटारवादक डॅनी व्हिटन आणि सहकारी ब्रूस बेरी यांच्या मृत्यूच्या सावटाखाली, त्यांनी 1973 मध्ये ‘टुनाइट्स द नाइट’ मुद्रित केला आणि तो 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील फाटलेला, बेसूर होण्याच्या कडेवरचा आवाज कच्चा वाटतो, पण गाण्यांचे दुःख त्याच आवाजात आहे. 1982 च्या ‘ट्रान्स’मध्ये तर त्यांनी आपला आवाज यंत्रातून बदलून घेतला, बोलू न शकणाऱ्या मुलाशी संवाद साधण्याची धडपड त्यामागे होती. पुढच्याच वर्षी रेकॉर्ड कंपनीने, ते स्वतःच्या शैलीला न शोभणारे संगीत देतात म्हणून, त्यांच्यावर खटला भरला. हे ठाऊक असले की मैफलीत आवडते गाणे आले नाही म्हणून कोणी नाराज होणार नाही.

जागा निवडण्याची मुभा असेल तर वादकाचे हात दिसतील अशी घ्यावी. मोठ्या पडद्यावर हात दिसतात, पण पडद्यावर काय दाखवायचे ते कॅमेरा ठरवतो. कोणते गाणे कोणत्या वाद्यावर गायले जाते, मूळ रूपातला कोणता भाग गाळला जातो आणि त्या जागी काय येते, याकडे लक्ष ठेवावे. आवाज आता पूर्वीइतका उंच जात नाही, म्हणून काही ओळी खालच्या स्वरात वळवल्या जाण्याची शक्यता धरावी. तिथे उणीव शोधण्यापेक्षा ती ओळ आता काय सांगते ते ऐकावे. फर्माइशी ओरडू नयेत. परिचित गाण्याच्या पहिल्या सुरावटीवर टाळ्या वाजवण्याचा मोहही आवरावा, कारण एकट्या गिटारीची सुरुवात त्या टाळ्यांखाली पूर्ण बुडते आणि रूप कसे बदलले आहे हे कळण्याची जागा नेमकी तीच असते. टाळीने ठेका धरू नये हे तर उघडच आहे. एकटा गायक शब्दानुसार लय किंचित मागेपुढे करतो आणि सभागृहाचा ठेका त्याला जखडून टाकतो.

मध्यंतरात किंवा कार्यक्रम संपल्यावर लगेच गायलेल्या गाण्यांची यादी आठवून लिहावी आणि प्रत्येकापुढे वाद्याचे नाव टाकावे. दुसऱ्या दिवशी त्या यादीतील अनोळखी गाणी आधी शोधावीत, ओळखीची मागाहून.