लोड मॉनिटरचा अलार्म रिले सेट करताना या चुका टाळा

लोड मॉनिटर मोटरवरचा लोड मोजतो आणि तो ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की अलार्म रिलेमार्फत मशीन थांबवतो, म्हणजे ट्रिप करतो. पॅनल उघडलं की मी आधी या अलार्म रिलेचे टर्मिनल बघतो. तिथे वायरचा लूप मारलेला दिसला की बाकीचं विचारावं लागत नाही. मशीन उगाच ट्रिप होत होतं, कोणीतरी वैतागून रिले बायपास केला आणि सेटिंग करायचं राहूनच गेलं. अशा वेळी शिव्या मॉनिटरला बसतात, पण बहुतेकदा चूक घाईघाईत भरलेल्या आकड्यांची असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पंपाचं अंडरलोड (लोड ज्याच्या खाली गेला की मशीन थांबवायचं, ती मर्यादा) अंदाजाने करंटवर लावणं. एका कारखान्यात २२ किलोवॅटचा सेंट्रिफ्यूगल पंप होता. नेमप्लेटवर ४० अँपिअर, रोजच्या कामात २८ घ्यायचा. नव्या मुलाने अंडरलोड १५ वर ठेवलं. पाणी संपलं की करंट निम्म्यावर येईल, असा त्याचा हिशेब. रात्रपाळीत टाकी रिकामी झाली, पंप कोरडा फिरू लागला आणि करंट १७ वर येऊन थांबला. १५ च्या खाली गेलाच नाही, मग रिले कशाला पडेल (सुटून पंप थांबवेल)? सकाळी मी पोचलो तेव्हा मेकॅनिकल सील जळून गेलं होतं आणि केसिंगला हात लावता येत नव्हता.

इंडक्शन मोटर रिकामी फिरली तरी मॅग्नेटायझिंग करंट, म्हणजे आतलं चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागणारा करंट, घेतेच. बऱ्याच मोटरींत तो फुल लोडच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत असतो, लहान मोटरींत त्याहूनही जास्त. लोड गेला की करंट थोडाच उतरतो, पॉवर फॅक्टर (करंटचा किती हिस्सा खऱ्या कामाला लागतो ते) मात्र कोसळतो. म्हणून बघायचे ते किलोवॅट. त्याच पंपाला पाणी असताना साधारण १६ किलोवॅट लागत होते, कोरडा फिरताना अडीचसुद्धा नाही. खरेदीच्या वेळी चार पैसे वाचवायला फक्त करंट मोजणारा मॉनिटर पंपासाठी मागवू नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

माझी पद्धत अशी. पंप नेहमीच्या लोडवर आला की आकडा लिहून घ्यायचा. मग डिस्चार्ज व्हॉल्व्ह हळूहळू बंद करायचा, आकडा स्थिर झाला की तोही लिहायचा आणि व्हॉल्व्ह लगेच उघडायचा. अंडरलोडचा मेन अलार्म (मशीन थांबवणारा) या दोन आकड्यांच्या मध्ये, प्री-अलार्म (आधी इशारा देणारा) त्याच्या थोडा वर. बंद व्हॉल्व्हवर चालत राहिलेला पंपही तापून खराब होतो, तोसुद्धा यात पकडला जातो. आकडा घ्यायला म्हणून पंप कोरडा चालवू नका.

दुसरी चूक स्टार्ट डिलेची, म्हणजे मशीन चालू होताना मॉनिटर जितका वेळ लोडकडे दुर्लक्ष करतो त्याची. जड इम्पेलरचा ब्लोअर स्टार-डेल्टावर (मोटर आधी कमी व्होल्टेजवर चालू करणारा स्टार्टर) वेगात यायला पंधरा-वीस सेकंद घेतो आणि डिले असतो तीन सेकंदांचा. चालू करताच ओव्हरलोड. मग डिले वाढवायचा सोडून लोक ओव्हरलोडची लेव्हलच वर नेतात, आणि उद्या बेअरिंग खरोखर जाम झालं की रिले गप्प बसतो. घड्याळ लावून स्टार्टिंगचा वेळ मोजा, त्यावर चार-पाच सेकंद ठेवा. मोजायला एक मिनिटही लागत नाही, तरी कोणी मोजत नाही, याचा मला खरंच राग येतो. रिस्पॉन्स डिले वेगळा असतो. चालू मशीनला क्षणभराचा झटका सहन व्हावा म्हणून तो, दोन्हींची गल्लत नको.

ऑटोसेटचं बटण (त्या क्षणीच्या लोडवरून मर्यादा आपोआप ठरवणारं) रिकाम्या कन्व्हेयरवर दाबू नका. माल पडताच ट्रिप होईल.

पॉवर मोजणाऱ्या मॉनिटरचा सीटी (वायरवर घालायचा, करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या फेजवरच घाला. आर फेजऐवजी वाय फेजवर गेला तर किलोवॅटच चुकीचे येतात, आणि त्यावर केलेल्या सेटिंगला काही अर्थ उरत नाही.

ट्रिपचा रिले फेल-सेफ ठेवा, म्हणजे सगळं ठीक असताना तो ओढलेला (ऑन) असेल आणि मॉनिटरचा सप्लाय गेला तरी पडेल.

ऑटो रीसेट मेन अलार्मला देऊ नका. जाम काढायला माणसाचा हात आत असताना मशीन आपोआप चालू होऊ शकतं. काम करताना आयसोलेटर (सप्लाय तोडणारा स्विच) बंद आणि त्याला कुलूप हवंच, पण सेटिंगनेही धोका वाढवायचा नाही.

शेवटी व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून रिले पडतो का, कॉन्टॅक्टर (मोटरचा सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच) सुटतो का, हे डोळ्यांनी बघतो. मग सगळे आकडे तारखेसह कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवतो. इम्पेलर किंवा मोटर बदलली की तो कागद फाडून टाकतो आणि मोजणी पहिल्यापासून करतो.