पोल्ट्रीत मर लागली आणि अंगात ताप भरला, तर गोळी कशी घ्यावी?

शेडमध्ये कोंबड्या पटापट मेल्या, त्या उघड्या हातांनी उचलल्या आणि तीन-चार दिवसांत अंग मोडून ताप आला, की माणूस आधी मेडिकल गाठतो. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापुरात, फेब्रुवारी २००६ मध्ये. माणसाला तो क्वचितच होतो. पण झालाच, तर फुप्फुसांबरोबर यकृतालाही झळ लागू शकते. तापाची गोळी पचवायचं कामही त्याच यकृताकडे असतं.

म्हणून पहिलं काम डॉक्टरांना गाठण्याचं. ‘मेलेल्या कोंबड्या हाताळल्या’ हे वाक्य त्यांनी विचारायच्या आधीच सांगा. फ्लूवरचं औषध, ओसेल्टामिविर, पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. नुसता ताप दाबत बसलात तर हेच तास वाया जातात.

तोवर तापाला पॅरासिटामॉल चालतं. मात्र गोळ्यांच्या पट्टीवरचं मोठं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. खरी गफलत तिथेच होते. समजा, पॅरासिटामॉलची ६५०ची गोळी तीनदा घेतली: १,९५० मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल ५०० असतं, ती तीनदा: १,५००. अंगदुखीच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत ३२५, ती दोनदा: ६५०. बेरीज ४,१००. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४,००० आहे, आणि आपण तर ‘साध्याच’ गोळ्या घेतल्या! दोन डोसांत किमान चार ते सहा तास जाऊ द्या आणि प्रत्येक गोळीची वेळ कागदावर लिहा. तापात कोणाच्या लक्षात राहतं?

शरीर पॅरासिटामॉल पचवताना थोडं विषारी द्रव्य तयार होतं. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्या विषाला निकामी करतं. दोन दिवस जेवण गेलेलं नसेल किंवा रोजची दारू असेल तर ग्लुटाथायोनचा साठाच आटतो. अशांनी, तसंच किडकिडीत माणसांनी आणि आधी कावीळ किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. ती बरीच कमी असते. ‘ताप उतरावा म्हणून’ पेग मारणं तर पूर्ण बंद.

मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका, डोस वजनावर ठरतो. फ्लूसारख्या तापात मुलांना ॲस्पिरिन नकोच. त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी घरातल्या जुन्या डब्यात त्याची पट्टी सापडतेच.

बेरीज मर्यादेबाहेर गेली असेल तर त्रास व्हायची वाट पाहू नका. पहिला दिवस नुसत्या मळमळीत जातो, कधी तेवढंही होत नाही. उजव्या बरगडीखालचं दुखणं, गडद लघवी, पिवळे डोळे ही लक्षणं नंतर दिसतात. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा जास्त डोस घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि वेळा लिहिलेला तो कागद खिशात टाका.