अमेरिकेत ट्रान्सफरचा अर्ज करताय? या चुका टाळा

पसंतीच्या अमेरिकन विद्यापीठाचा नकार आला की घरात कोणीतरी म्हणतंच, ‘आत्ता मिळेल तिथे घे, पुढच्या वर्षी ट्रान्सफर मारू.’ ट्रान्सफर, म्हणजे मध्येच एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं, हा सोपा रस्ता आहे, हा समज आधी काढून टाका. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर बंदच केली होती, ती पुन्हा सुरू झाली २०१८ साली. येलकडे हजाराच्या वर अर्ज येतात, जागा असतात वीस-तीस.

यादी नावावरून करणं

हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड एवढ्याच तीन ठिकाणी अर्ज करणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं. बर्कली आणि यूसीएलए ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची कॅम्पस मात्र दरवर्षी हजारो ट्रान्सफर विद्यार्थी घेतात. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्यापासून, हा त्या राज्याच्या धोरणाचाच भाग आहे. फक्त मेख अशी की त्या जागांवर पहिला हक्क तिथल्या कम्युनिटी कॉलेजच्या, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या मुलांचा. पण तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तिथे शिकत असाल तर तुम्हीही त्यांच्यातलेच. सनीव्हेलला मावशीकडे राहून डी अँझा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची बाजू पुण्याहून थेट अर्ज करणाऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम असते. नातेवाइकांना कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगायची लाज वाटते म्हणून हा मार्ग सोडणारे बरेच आहेत. लाज बाजूला ठेवा.

वर्षांचा हिशेब चुकणं

हार्वर्डला किमान एक पूर्ण वर्ष झालेलं लागतं आणि दोनपेक्षा जास्त झालेलं चालत नाही. म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवून अर्ज करणाऱ्याचे गुण कुणी बघतच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं उलट: तिथे प्रवेशाआधीच्या स्प्रिंग सेमिस्टरपर्यंत (साधारण जानेवारी ते मे) ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे सुमारे दोन वर्षांचे क्रेडिट, पूर्ण हवीत. पहिल्या वर्षातच तिथे अर्ज करण्यात अर्थ नाही.

निबंध आधी, विषय नंतर

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मुलं निबंधावर महिने घालवतात आणि लिनियर अल्जेब्रा घ्यायचं राहून जातं. बर्कलीत इंजिनिअरिंगला अर्ज असेल तर कॅल्क्युलस, कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग असे ठरावीक कोर्स आधी पूर्ण केलेले लागतात. तुमच्या कम्युनिटी कॉलेजातला कोणता कोर्स तिथल्या कोणत्या कोर्सच्या बदली धरतात, हे ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिलेलं आहे. पहिल्याच सेमिस्टरला ते काढून बघा. एखादा कोर्स तुमच्या कॉलेजात नसेल तर शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात घेता येतो, पण स्प्रिंगच्या आत. ‘उन्हाळ्यात उरकतो’ हे उत्तर सहसा चालत नाही.

भारतातल्या कॉलेजातून अर्ज करणाऱ्यांना असिस्टचा उपयोग नाही. त्यांनी प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम विभागाकडून शिक्क्यासह घेऊन ठेवावा. मार्कशीटवर गणिताच्या पेपरला नुसतं ‘एम-२’ लिहिलेलं असेल तर समोरच्याला काय कळणार? आणि सीजीपीए किंवा टक्के स्वतः अमेरिकन पद्धतीच्या चारच्या मापात बदलू नका. मार्कशीटवर आहेत तसेच भरा.

जुन्या कॉलेजची उणीदुणी

‘इथे प्रोफेसर शिकवत नाहीत, लॅब बंद असते’ हे खरं असलं तरी निबंधात एका ओळीच्या वर जाऊ देऊ नका. वाचणाऱ्याला कळायला हवं की आहे त्या जागी तुम्ही काय केलंत आणि पुढचं काम नव्या विद्यापीठातच का होऊ शकतं. ‘संशोधनाची संधी नाही’ याऐवजी ‘मुळा-मुठेच्या पाण्याचे नमुने तपासले, पुढे जड धातू मोजायचे तर लागणारं उपकरण आमच्याकडे नाही’ असं लिहिलं की अर्ज उभा राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर ट्रान्सफरवाल्यांसाठी सक्तीचा प्रश्नच हा असतो की निवडलेल्या विषयासाठी तुम्ही कशी तयारी केली. साडेतीनशे शब्दांत तक्रारीला जागा कुठे?

शिफारसपत्रांचंही तसंच. खासगी विद्यापीठांना तुम्हाला वर्गात शिकवलेल्या प्राध्यापकाचं पत्र लागतं. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) ओळख नसताना सही केलेलं गुळगुळीत पत्र निरुपयोगी.

अर्ज गेला की विसरणं

कॅलिफोर्नियाचा अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर जातो, पण जानेवारीत फॉल सेमिस्टरचे (साधारण ऑगस्ट ते डिसेंबर) गुण आणि स्प्रिंगचे विषय परत कळवावे लागतात. हा अपडेट न भरलेला अर्ज अर्धवट राहतो. अर्जात लिहिलेला कोर्स गुपचूप सोडला तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

पैशांचं आधीच बोला. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला मदत जवळपास नसतेच. स्टॅनफर्डला मदत प्रवेशाच्या वेळी मागितली नाही तर परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागता येत नाही.

व्हिसाची घाई

अमेरिकेतच कॉलेज बदलताना तुमची सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद जुन्या कॉलेजकडून नव्याकडे जाते आणि नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र, येतो. ही नोंद सोडायची तारीख तुम्ही ठरवता. दुसऱ्या विद्यापीठाच्या वेटलिस्टवर असाल तर ती घाईने देऊ नका, कारण तारीख उलटल्यावर जुन्या कॉलेजच्या हातात काही उरत नाही. त्याच दिवसापासून जुन्या कॅम्पसवरची नोकरीही थांबते, तेव्हा उन्हाळाभर तिथल्या लायब्ररीत काम करायचं असेल तर तारीख त्यानंतरची मागा.